बक्षीस मिळालं, खेळ कधी?

गेली काही वर्षं २८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पणजीत इफ्फीचा, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, समारोप होतो आणि एका चित्रपटाला सुवर्णमयूर हा सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळतो. सोबत ४० लाख रुपये, दिग्दर्शक आणि निर्माता यांच्यात वाटून. दुसऱ्या दिवसापासून आयनॉक्स मल्टिप्लेक्सच्या आवारातले मांडव सुटू लागतात. २०२४ साली हा मान लिथुआनियाच्या साउले ब्लिउवाइते यांच्या 'टॉक्सिक'ला मिळाला, २०२५ साली ॲश मेफेअर यांच्या 'स्किन ऑफ यूथ' या व्हिएतनामी चित्रपटाला. जगभरातून आलेल्या चित्रपटांत हाच सर्वोत्तम, असा निवाडा ज्या शहरात झाला, तिथल्या माणसाने डिसेंबरात तो चित्रपट पाहायचं ठरवलं तर त्याने जायचं कुठे? आयनॉक्समध्ये तोवर त्या आठवड्याचा हिंदी किंवा दाक्षिणात्य धमाका लागलेला असतो. ज्याला त्या नऊ दिवसांत रजा मिळाली नाही, किंवा जो ॲपवर बुकिंग उघडताक्षणी 'फुल' वाचून बसला, तो मुकला तो मुकलाच. म्हापशाच्या, साखळीच्या, काणकोणच्या माणसाची तर गोष्टच सोडा.

पुरस्काराची किंमत एकाच गोष्टीवर ठरवावी असं मला वाटतं: त्यामुळे किती जास्त लोकांनी चित्रपट पाहिला. या हिशेबाने इफ्फीचं कायमचं यजमान राज्य म्हणून गोवा २००४ पासून नापास होत आलंय.

नाटकाच्या बाबतीत आपण असे नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत नंबर आला की त्या नाटकाकडे जत्रा-उत्सवांच्या समित्या बघू लागतात. देवळापुढच्या मंडपात रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत माणसं बसून राहतात. मग चहा पिताना परीक्षकांचा उद्धार होतो: नंबर दुसऱ्याला द्यायला हवा होता, नेपथ्याच्या बक्षिसात वशिला होता, नायिका गाण्यात कच्ची होती. हे भांडण मला फार मोलाचं वाटतं, कारण भांडणाऱ्यांनी नाटक पाहिलेलं असतं. चित्रपटांच्या पुरस्कारांवर आपण जे भांडतो त्यातलं बहुतेक सगळं ऐकीव असतं. २०२२ च्या समारोपात परीक्षक मंडळाचे अध्यक्ष नदाव लापिद यांनी 'द काश्मीर फाइल्स'वर टीका केली आणि देशभर आठवडाभर गदारोळ झाला. त्या वर्षी सुवर्णमयूर कुणाला मिळाला, हे मी चित्रपटवेड्या म्हणवणाऱ्या मित्रांना विचारून पाहिलंय. उत्तर येत नाही. तो 'आय हॅव इलेक्ट्रिक ड्रीम्स'ला मिळाला होता, कोस्टारिकाच्या व्हॅलेंटिना मॉरेल यांच्या चित्रपटाला. वाद जगाला ऐकू गेला आणि विजेता चित्रपट गावातूनच नाहीसा झाला.

मराठी चित्रपटांना तर पणजी अलीकडे चांगलीच लाभली आहे. २०२१ मध्ये 'गोदावरी'साठी जितेंद्र जोशीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रजतमयूर मिळाला, दिग्दर्शक निखिल महाजनला परीक्षकांचा विशेष पुरस्कार. २०२४ मध्ये 'घरत गणपती'साठी नवज्योत बांदिवडेकरला पदार्पणाचा पुरस्कार. २०२५ मध्ये 'गोंधळ'साठी संतोष डावखर सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरला. आता तारखा बघा. 'गोदावरी' चित्रपटगृहांत आला नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे पुरस्काराला जवळजवळ वर्ष होत आल्यावर, जेव्हा त्या बातमीचा वाससुद्धा उरला नव्हता. 'गोंधळ' प्रदर्शित झाला १४ नोव्हेंबरला आणि पुरस्कार मिळाला २८ तारखेला. मराठी चित्रपटाच्या आयुष्यात दोन आठवडे म्हणजे जवळजवळ म्हातारपण. पहिल्या सोमवारी शो कमी होतात, दुसऱ्या शुक्रवारी उरलेला एखादा शो दुपारी सव्वाबाराला ढकलला जातो, आणि सव्वाबाराला कामावर असलेल्या माणसाने चित्रपट पाहिला नाही म्हणून 'प्रेक्षकच येत नाहीत' असा निष्कर्ष निघतो.

'गोंधळ'बद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण परीक्षकांनी दिलेलं बक्षीस नेमकं होतं असं माझं मत आहे. लग्नानंतरचा गोंधळ, एक रात्र, संबळ आणि दिवट्या, आणि त्या विधीच्या आड शिजत असलेलं कारस्थान. गोष्ट म्हणून पाहिली तर ती थोडी ओळखीची वाटते. पुढे काय होणार याचा अंदाज सराईत प्रेक्षकाला लागतो. पण कॅमेरा त्या गर्दीत ज्या धीराने फिरतो, अंधार आणि उजेड यांचा जो हिशेब ठेवतो, ते दिग्दर्शकाचंच काम आहे. त्यामुळे सर्वोत्कृष्ट चित्रपटाऐवजी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान मिळाला यात मला परीक्षकांचा चोखंदळपणा दिसतो. हे माझं मत चुकीचं असू शकतं, आणि कुणीतरी ते खोडून काढावं अशी इच्छाही आहे. पण खोडून काढायला त्याने मोठ्या पडद्यावर तो चित्रपट पाहिलेला हवा. मोबाइलवर त्यातला काळोख नुसता काळाच दिसेल.

त्याच वर्षी आलेल्या दोन मराठी चित्रपटांची जोडी माझ्या डोक्यातून जात नाही. १२ सप्टेंबर २०२५ ला सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' आला आणि १९ सप्टेंबरला रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं'. पहिला भरघोस, रंगीत, गर्दी खेचणारा. दुसऱ्याने जानेवारीतच सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवला होता.

'दशावतार' पाहताना गोव्यातला प्रेक्षक थोडा वेगळ्या खुर्चीत बसलेला असतो. पेडणे आणि बार्देशमधल्या जत्रांना दशावतार नवा नाही. संकासुराचा प्रवेश झाला की पुढच्या रांगेतली पोरं मागे कशी सरकतात, हे आम्ही पाहिलंय, त्या पोरांत आम्हीही होतो. आणि चित्रपटातला खाणीचा विषय आम्हाला कल्पनेने समजून घ्यावा लागत नाही. २०१२ मध्ये गोव्यात खाणी बंद पडल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले; डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत या दोन घटनांवर एकाच घरात दोन मतं असतात. एक भाऊ ट्रकवाला, दुसऱ्याची बागायत मातीखाली गेलेली. चित्रपटात मात्र खाण म्हणजे सरळ राक्षस. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर ज्या ताकदीने रंग लावून उभे राहतात, त्यापुढे टीका करायला जीभ रेटत नाही, तरी सांगतो: पूर्वार्धातला तो थकलेला, दृष्टी अधू होत चाललेला कलावंत मला उत्तरार्धातल्या सूड घेणाऱ्यापेक्षा कितीतरी जवळचा वाटला. पूर्वार्धात दशावतार ही माणसाची रोजीरोटी आणि नशा आहे, उत्तरार्धात ती चित्रपटाची क्लृप्ती होते. यावर माझ्याशी वाद घालणारे मला ढिगाने भेटले, कारण तो सगळ्यांनी पाहिलाय.

'साबर बोंडं'वर वाद घालायला माणूस शोधावा लागतो. वडील वारलेत, मुंबईत राहणारा आनंद आईबरोबर गावी येतो, सुतकातले दिवस, त्यातले विधिनिषेध, लग्न कधी करणार म्हणून टोचणारे नातेवाईक, आणि बालपणीचा मित्र बाळ्या. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या साध्या आवाजात मराठी पडद्यावर मी तरी पाहिलं नव्हतं. कुठे भाषण नाही, कुठे दंगा नाही. मला सगळ्यात आवडली ती आई. मुलाबद्दल तिला सगळं ठाऊक आहे आणि नातेवाइकांसमोर ती ज्या सहजतेने विषय वळवते, त्यात आपल्याकडच्या कित्येक आयांचं आयुष्यभराचं कसब आहे. चित्रपट संथ आहे, काही ठिकाणी जरा जास्तच. पण सनडान्सचा तो पुरस्कार नसता तर देशातल्या चित्रपटगृहांत हा चित्रपट लागण्याची शक्यता किती होती? इथे पुरस्काराने त्याचं काम केलं. जानेवारी ते सप्टेंबर या आठ महिन्यांत त्याने वितरक मिळवून दिला. पुरस्कार आणि खेळ यांच्यात अशी दोरी बांधलेली असली तर पुरस्काराला अर्थ असतो.

मराठीला हे नवीनही नाही. 'श्यामची आई'ला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं, त्यानंतर थेट २००४ मध्ये 'श्वास'ला. तो पुरस्कार जाहीर झाल्यावर 'श्वास' ज्यांच्या कानावरही गेला नव्हता त्यांनी तो पाहिला, ऑस्करच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी दिली. योगायोग असा की त्याच वर्षी नोव्हेंबरात इफ्फी गोव्यात आला.

आता राष्ट्रीय पुरस्कारांची गाडी इतकी उशिरा धावते की दोरी बांधायची कशाला, हा प्रश्न पडतो. २०२३ च्या चित्रपटांचे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाले. आशिष बेंडेच्या 'आत्मपॅम्फ्लेट'ला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. तो प्रदर्शित झाला होता ऑक्टोबर २०२३ मध्ये. एका शाळकरी मुलाच्या पहिल्या प्रेमातून जातीचा आणि देशाच्या अलीकडच्या इतिहासाचा असा खट्याळ पट मांडणारा दुसरा चित्रपट मला आठवत नाही. पुरस्काराच्या दिवशी चर्चा मात्र झाली 'जवान'साठी शाहरुख खानला मिळालेल्या पुरस्काराची आणि 'द केरला स्टोरी'च्या दिग्दर्शनाला मिळालेल्या पुरस्काराची. दोन्हींबद्दल माझं मत प्रतिकूलच आहे. शाहरुखने याहून कितीतरी चांगलं काम रिकाम्या हाताने केलंय. पण त्या गलक्यात 'आत्मपॅम्फ्लेट' एका आठवड्यासाठी, एखाद्या पडद्यावर, पुन्हा लावावा असं एकाही चित्रपटगृहाला सुचल्याचं माझ्या तरी पाहण्यात आलं नाही.

ऑस्करचं कौतुक करणाऱ्यांनी फार हुरळू नये. मतदान करण्यापूर्वी त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहणं सदस्यांना बंधनकारक करणारा नियम अकादमीने जाहीर केला एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे सत्त्याण्णव सोहळे उरकल्यावर! आणि आपण कोणता चित्रपट पाठवायचा यावरून २०२४ मध्ये जे झालं तेही शोभेचं नव्हतं. पायल कपाडियाच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ने कानमध्ये ग्राँ प्री मिळवली होती. फिल्म फेडरेशनने पाठवला किरण राव यांचा 'लापता लेडीज', आणि समर्थनार्थ कारण काय, तर पायलचा चित्रपट भारतात घडणारा युरोपियन चित्रपट वाटला. ज्या चित्रपटाचा उत्तरार्ध रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडतो आणि ज्यातली पार्वती मुंबईतलं घर सुटल्यावर गावी परतते, तो युरोपियन? कोकणातल्या कुठल्याही वाडीत मुंबईहून परतलेली अशी बाई सापडेल. गंमत म्हणजे दोन्ही चित्रपटांत छाया कदम आहे आणि दोन्हीकडे तीच सगळ्यात जास्त लक्षात राहते. तो चित्रपट देशभर लागला २२ नोव्हेंबर २०२४ ला, ऐन इफ्फीत.

तर गोव्याकडे परत. कोकणी चित्रपटाची अवस्था आमच्या मराठीपेक्षाही बिकट. लक्ष्मीकांत शेटगावकरांच्या 'पलतडचो मनीस'ने २००९ मध्ये टोरोंटोला समीक्षकांचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवला. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट, गोव्याच्या सीमेवरच्या रानात घडणारा. आज कॉलेजात शिकणाऱ्या किती गोंयकारांनी तो पाहिलाय? बार्डरॉय बार्रेटो यांनी 'नाचूंया कुंपासार'साठी वाटच वेगळी धरली: तियात्र या कोकणी नाट्यप्रकारासारखे स्वतः खेळ लावले आणि लोकांपर्यंत नेला. त्यांना ते जमलं. प्रत्येक दिग्दर्शकाने चित्रपट बनवून झाल्यावर ठेकेदारही व्हावं ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे.

मला केरळचा हेवा वाटतो. तिरुवनंतपुरममध्ये कैरली, श्री आणि निळा ही चित्रपटगृहं राज्याच्या चित्रपट विकास महामंडळाची आहेत. तिथेही मोहनलाल-मामुट्टी लागतातच, लागायलाच हवेत. पण पडदा सरकारचा असल्यामुळे एखाद्या छोट्या चित्रपटाला जागा द्यायची की नाही, हा प्रश्न निदान सरकारला विचारता येतो. डिसेंबरातल्या त्यांच्या महोत्सवात एक पुरस्कार प्रेक्षकांच्या मतांनी ठरतो. मार्च २०२४ मध्ये त्यांनी सरकारी ओटीटीही सुरू केलं, जेवढं पाहाल तेवढ्याचे पैसे. ते किती चालेल ते पुढे कळेलच. इफ्फीच्या रांगेत तुमच्या पुढे-मागे इतकी मल्याळी माणसं का उभी असतात, याचं उत्तर मात्र यात आहे. त्यांना वर्षभर सवय लावलेली आहे.

आमच्याकडे साधनं कमी आहेत असं नाही. जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारातलं मल्टिप्लेक्स २००४ मध्ये इफ्फीसाठीच उभं राहिलं. शेजारी मॅकिनेझ पॅलेस आहे, गोवा मनोरंजन संस्थेच्या ताब्यातला. मडगाव, कुडचडे, साखळी आणि बायणा इथे रवींद्र भवनं आहेत, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर. यांतल्या एका ठिकाणी आठवड्यातून एक संध्याकाळ पुरस्कारप्राप्त चित्रपटासाठी राखायला नवीन इमारत लागत नाही. चांगला प्रोजेक्टर लागेल, तो चालवणारा माणूस लागेल आणि वेळापत्रक वेळेवर जाहीर करणारा अधिकारी. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे, हे मान्य.

'कोण येणार?' हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय. पावसाळ्यात पणजीत भरणाऱ्या गोवा मराठी चित्रपट महोत्सवाला रेनकोट झाडत आत शिरणारी गर्दी ज्यांनी पाहिली असेल, ते हा प्रश्न इतक्या ठामपणे विचारणार नाहीत. हो, महोत्सवाची हवा वेगळी असते, कलाकार येतात, सेल्फी निघतात. एरवीच्या मंगळवारी तेवढी माणसं येणार नाहीत. साठ आली तरी चालतील. वाचनालयात रोज किती लोक येतात यावरून आपण वाचनालय बंद करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो मला स्वतःलाच छळतो. पडदा सरकारचा झाला की काय दाखवायचं तेही सरकार ठरवणार. २०१७ मध्ये रवी जाधव यांचा 'न्यूड' आणि मल्याळम 'एस दुर्गा' हे दोन चित्रपट परीक्षकांनी निवडलेले असताना माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने इफ्फीच्या इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागातून काढले. परीक्षकांचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. 'एस दुर्गा'च्या बाजूने केरळ उच्च न्यायालयाने आदेश देऊनही तो पणजीत दाखवला गेला नाही. त्याच हातांत वर्षभराचा पडदा द्यायचा? म्हणूनच यादी कुणा समितीने ठरवू नये असं मी म्हणतो. इफ्फीत मयूर मिळालेले, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले मराठी आणि कोकणी, आणि राज्य चित्रपट महोत्सवात गौरवलेले चित्रपट आपोआप यादीत यावेत. निवड आधीच झालेली आहे, आणि तीही सरकारनेच नेमलेल्या परीक्षकांनी केलेली. नंतर एखादा चित्रपट गाळायचा असेल तर गाळणाऱ्याला स्वतःच्याच पुरस्काराविरुद्ध जावं लागेल, तेही उघडपणे.

अडचण खरी आहे ती कागदपत्रांची. महोत्सवात परदेशी चित्रपट सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय दाखवता येतात, कारण मंत्रालय तेवढ्यापुरती सूट देतं आणि प्रेक्षक नोंदणी केलेले डेलिगेट असतात. महोत्सव संपला की सूट संपते. शिवाय निर्मात्याने परवानगी दिलेली असते ती ठरावीक खेळांची. दोन्हींवर उपाय इफ्फीच्या नियमावलीतच करता येतो. सुवर्णमयूर स्वीकारणाऱ्या चित्रपटाने पुढच्या वर्षभरात गोव्यात दहा विनानफा खेळ करू द्यावेत, अशी अट ४० लाखांना जोडावी. एखाद्या निर्मात्याला ती जाचक वाटेल, विशेषतः त्याचं भारतातलं वितरण ठरत असेल तर. मग वितरकाचा पहिला आठवडा आधी, आमचे खेळ नंतर, असं लिहून द्यावं. आणि डेलिगेट कार्डाची मुदत २८ नोव्हेंबरऐवजी पुढच्या ऑक्टोबरपर्यंत ठेवावी. मंत्रालयाने सूटही त्याच तारखेपर्यंत वाढवावी, म्हणजे प्रेक्षक नोंदणीकृतच राहतील. शुल्क दुप्पट केलं तरी मी भरीन. पहिल्या वर्षाच्या यादीसाठी थांबायची गरज नाही: 'स्किन ऑफ यूथ', 'गोंधळ', 'आत्मपॅम्फ्लेट', आणि कोकणीतला 'पलतडचो मनीस', तो काणकोण किंवा सांग्याच्या प्रेक्षकांसमोर सगळ्यात आधी.